थंड प्लाझ्मा जंतू मारतो कसा, आणि कुठे कमी पडतो

पावसाळी रात्री दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडून निघालेल्या उच्चदाबाच्या तारांजवळून जाताना वरून सतत चरचर ऐकू येते. काळोख दाट असला तर तारा पेलणाऱ्या चकत्यांपाशी फिकट जांभळी झाकही दिसते. तारेलगतच्या हवेवर तिथे विजेचा इतका ताण असतो, की हवेच्या काही रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि विद्युतभार असलेले कण मिसळलेल्या अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली हे नाव दिलं. कोरोनाच्या काळात रुग्णांसाठी जो प्लाझ्मा मागितला जायचा तो रक्तातला द्रव. त्याचा इथे काही संबंध नाही.

तारेजवळची ती जांभळी हवा तापलेली नसते. याच जातीचा, पण यंत्रात आटोक्यात ठेवलेला प्लाझ्मा जंतू मारण्यासाठी वापरता येतो. खाटेचा दांडा, प्लास्टिकची नळी, केळीची क्रेट, मिरचीची साल, अशा पृष्ठभागांवरचे जंतू त्याने मरतात आणि त्यासाठी ती वस्तू उकळावी किंवा भिजवावी लागत नाही. जगभर यावर गेली तीसेक वर्षं जोरात काम चाललं आहे. खानदेशात हा विषय नीट समजून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे उष्णता सोसत नाही असा शेतमाल भरपूर आहे, तालुक्यातालुक्यात अतिदक्षता विभाग उभे राहत आहेत, आणि ‘प्लाझ्मा’ असं ठळक छापलेली यंत्रंही बाजारात दिसू लागली आहेत. त्यांतलं खरं कोणतं, हे ओळखायचं तर आतलं विज्ञान थोडं उघडून पाहावं लागेल.

तापलेले इलेक्ट्रॉन, थंड हवा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचा निळसर झोत सगळ्यांनी पाहिलेला असतो. तोही प्लाझ्माच, पण त्यात इलेक्ट्रॉन आणि वायूचे जड कण असे सगळेच हजारो अंशांना तापलेले असतात, म्हणून लोखंड वितळतं. जंतूंसाठी वापरतात त्या प्लाझ्मात फक्त इलेक्ट्रॉन तापलेले असतात. वायू हाताला सोसेल एवढाच, बहुतेकदा ४० अंशांच्या आसपास राहतो. शास्त्रीय भाषेत त्याला अ-औष्णिक प्लाझ्मा म्हणतात. बोलताना सगळे ‘थंड प्लाझ्मा’ म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

एकाच जागेत एक गोष्ट हजारो अंशांची आणि दुसरी कोमट, हे कसं शक्य आहे? घरातली जुनी ट्यूबलाइट याची साक्ष देते. तिच्यातल्या पाऱ्याच्या विरळ वाफेत इलेक्ट्रॉनचं तापमान सुमारे ११,००० अंश असतं, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट. तरी पेटलेली नळी हाताला जेमतेम कोमट लागते. कारण वजनात आहे. नायट्रोजनचा एक रेणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ५१,००० पट जड असतो. रावेरच्या बागेत २० किलोचा केळीचा घड लटकलेला आहे आणि त्यावर काबुली हरभऱ्याचा एक दाणा जोरात आपटला, तर दाणा उसळून परत जाईल, घड हलणारही नाही. वजनांचं प्रमाण इथेही साधारण तेवढंच पडतं. इलेक्ट्रॉन रेणूवर आपटतो आणि आपली जवळजवळ सगळी ऊर्जा घेऊन परत उसळतो. अशा एका साध्या धडकेत रेणूच्या वाट्याला त्या ऊर्जेचा दहा हजारावा भागही येत नाही. शिवाय हवेच्या लाखो रेणूंत एखाद्याचाच इलेक्ट्रॉन सुटलेला असतो. त्यामुळे हवा तापतच नाही.

पण प्रत्येक धडक अशी साधी नसते. पुरेशा वेगाचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूला नेमका लागला, तर त्या रेणूतले दोन अणू एकमेकांपासून तुटतात. पाण्याच्या वाफेच्या रेणूला लागला, तर हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत चळवळ्या तुकडा सुटतो. रसायनशास्त्रात जे काम करायला एरवी भट्टी लागेल ते काम इथे थंड हवेत होतं, कारण तापलेला इलेक्ट्रॉन थेट रेणूच्या जोडावर घाव घालतो. थंड प्लाझ्माची सगळी किमया एवढ्या एका गोष्टीत आहे.

आता अडचण अशी, की हवेतून वीज फोडली की ती ठिणगी होऊन एकाच जागी धावते, वाट तापते आणि वेल्डिंगसारखा झोत तयार होतो. साध्या हवेत दर सेंटिमीटरला साधारण ३०,००० व्होल्टचा ताण आला की वीज फुटते, आणि एकदा फुटली की थांबत नाही. ती वेळेवर थांबवायची युक्ती जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ सालीच केली होती, ओझोन तयार करण्यासाठी. दोन धातूंच्या मध्ये त्यांनी काच घातली. वीज फटीतून उडी मारते, पण काचेवर येऊन अडते. तिथे साचलेला विद्युतभार मागून येणाऱ्या विजेला उलट ढकलतो आणि ठिणगी सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागातच विझते. मग विजेची दिशा उलटते, आणि पुन्हा तेच. केसाइतक्या बारीक अशा असंख्य ठिणग्या सगळ्या पृष्ठभागावर क्षणाक्षणाला पेटत-विझत राहतात. कोणतीही एक ठिणगी हवा तापवण्याइतकी टिकत नाही. आजची जंतुनाशक प्लाझ्मा यंत्रं बरीचशी याच रचनेवर चालतात. काचेऐवजी चिनीमाती किंवा टिकाऊ प्लास्टिक असतं आणि वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते.

दुसरी पद्धत झोताची. पेनएवढ्या नळीतून आर्गॉन किंवा हेलियम वायू सोडायचा, आत विजेचा ताण द्यायचा, आणि टोकातून निघालेली जांभळी शिखा हव्या त्या जागेवर फिरवायची. जखमेसाठी, दातांच्या कामासाठी, उपकरणाच्या खाचेसाठी ती सोयीची. मात्र ती एका वेळी नखाएवढीच जागा व्यापते आणि वायूचं सिलिंडर लागतं. हेलियम तर भारताला आयात करावा लागतो. ग्रामीण रुग्णालयाचा विचार करायचा तर मला साध्या हवेवर चालणारी रचनाच जास्त व्यवहाराची वाटते.

ही गोष्ट आपल्याकडे अगदी नवीही नाही. प्लास्टिकच्या फिल्मवर छपाई करणाऱ्या कारखान्यात फिल्म आधी ‘कोरोना ट्रीटर’ नावाच्या यंत्रातून जाते (या कोरोनाचा साथीच्या विषाणूशी संबंध नाही). रुळावरून सरकणाऱ्या फिल्मवर थंड प्लाझ्माचा पट्टा पडतो, फिल्मच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू चिकटतात आणि शाई धरायला लागते. तिथे काम करणाऱ्यांना तो तिखट वास पाठ असतो. तो ओझोनचा वास. छपाईसाठी जी रसायनं प्लास्टिकचा पृष्ठभाग बदलतात, त्याच घराण्यातली रसायनं जंतूच्या भिंतीला भोकं पाडतात.

जंतूवर नेमकं काय होतं

साध्या हवेत थंड प्लाझ्मा पेटला की काही क्षणांत तिथे सुटा ऑक्सिजन, ओझोन, हायड्रॉक्सिल, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओलाव्यामुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. थोडा अतिनील प्रकाशही पडतो, पण साध्या हवेतल्या प्लाझ्मात त्याचा वाटा लहान असतो. मुख्य मारा रसायनांचा.

या रसायनांचं आयुष्य सारखं नसतं, आणि हे फार महत्त्वाचं आहे. हायड्रॉक्सिल सगळ्यांत जहाल, पण ओल्या जागी तो सेकंदाच्या अब्जांश भागांत संपतो आणि तेवढ्यात काही नॅनोमीटरच सरकतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). ई. कोलाय जंतू सुमारे २,००० नॅनोमीटर लांब असतो. म्हणजे जंतूच्या अगदी अंगावर तयार झाला तरच हायड्रॉक्सिल कामाचा. ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड त्यामानाने सौम्य, पण टिकाऊ. ते हवेतून पसरून खाचेपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून यंत्र पृष्ठभागापासून दोन मिलिमीटरवर धरलं आणि दोन सेंटिमीटरवर धरलं, तर जंतूंवर पडणारं रसायनच वेगळं असतं. जाहिरातीत हे अंतर सहसा लिहिलेलं नसतं.

जंतूच्या बाजूने पाहू. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंना बाहेरून स्निग्ध पदार्थाचा पापुद्रा असतो आणि त्याखाली काही नॅनोमीटर जाडीची बारीक भिंत. प्लाझ्मातली रसायनं त्या स्निग्ध रेणूंचं ऑक्सिडेशन करतात. आपल्या भाषेत, तो पापुद्रा खवट होतो, त्याची घडण मोडते आणि आतलं द्रव्य बाहेर गळू लागतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातला. त्याची भिंत २० ते ८० नॅनोमीटर जाड असते, म्हणून तो बऱ्याच प्रयोगांत जास्त वेळ तग धरतो. भिंत ओलांडून रसायनं आत गेली की प्रथिनं निकामी होतात आणि डीएनए तुटतो.

प्रतिजैविकं बहुतेकदा जंतूच्या एखाद्याच नेमक्या जागेवर मारा करतात. जंतूने ती जागा बदलली, किंवा औषध बाहेर फेकणारा पंप उभारला, की औषध निरुपयोगी होतं. अशा प्रतिकारामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख लोक थेट दगावले असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. प्लाझ्माचा घाव भिंत, प्रथिनं, डीएनए अशा सगळीकडे एकाच वेळी पडतो, म्हणून औषधांना दाद न देणारे जंतूही त्याने मरतात. तरीही जंतू अगदी निःशस्त्र नसतात. हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारी कॅटलेससारखी विकरं त्यांच्याकडे असतात आणि डीएनए जोडण्याची सोयही असते. अर्धवट मारा झाला तर घायाळ जंतू सावरतो.

‘९९ टक्के’ म्हणजे किती?

यंत्रावर ‘९९ टक्के जंतू नष्ट’ असं लिहिलेलं असतं. ऐकायला भरभक्कम वाटतं. आकडा मांडून पाहा. खाटेच्या दांड्यावर १० लाख जंतू आहेत. ९९ टक्के मेले, उरले १०,०००. ९९.९ टक्के मेले तर १,०००. ९९.९९९ टक्के मेले तर १०. उबदार, ओल्या आणि अन्न असलेल्या जागी ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. १०,००० उरले असतील तर सव्वादोन तासांत पुन्हा १० लाख. १० उरले असतील तर साडेपाच तास लागतील.

म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रात टक्क्यांऐवजी ‘लॉग’ मोजतात. दर लॉगला संख्या दहावा भाग होते. ९९ टक्के म्हणजे २ लॉग, ९९.९९९ टक्के म्हणजे ५ लॉग. स्वच्छ, कोरड्या, सपाट पृष्ठभागावर वाढत्या अवस्थेतले जंतू थंड प्लाझ्माने काही सेकंदांपासून काही मिनिटांत ३ ते ५ लॉग घटतात, असे निकाल अनेक प्रयोगशाळांतून आले आहेत. हे खरोखर चांगले आकडे आहेत. पण ‘स्वच्छ, कोरड्या, सपाट’ हे तीन शब्द नजरेआड करू नका.

त्यांचं मोल म्युनिकच्या एका चाचणीतून कळतं. बऱ्या न होणाऱ्या जुनाट जखमांवर तिथे नेहमीच्या उपचाराला जोडून रोज ५ मिनिटं आर्गॉनचा थंड प्लाझ्मा दिला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार जखमेवरच्या जंतूंची संख्या तुलनेने ३४ टक्के जास्त घटली. प्रयोगशाळेतल्या काचेवर ९९.९९९ टक्के, आणि माणसाच्या खऱ्या जखमेवर ३४. जखम ओली असते, खोल असते, तिच्यात पू आणि प्रथिनं असतात, आणि तिथले जंतू एकमेकांना धरून चिकट थर करून राहतात. प्लाझ्मातली रसायनं त्या चिकट थरावरच खर्ची पडतात. तरी ३४ टक्के घट, तीही दुखवल्याशिवाय, हे डॉक्टरांच्या दृष्टीने मोलाचं होतं. पुढे जर्मनीत जखमांसाठी अशी उपकरणं अधिकृत वैद्यकीय साधनं म्हणून वापरात आली.

हाच न्याय रुग्णालयाच्या खाटेला लावा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला यांसारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्महिने जिवंत राहू शकतात, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. दांड्यावर वाळलेल्या रक्ताचा, थुंकीचा, सलाइनच्या साखरेचा पातळ थर असेल तर त्याखालचे जंतू प्लाझ्माच्या तावडीतून सुटतात. म्हणजे आधी साबणपाण्याने पुसणं आलंच. कितीही उत्तम यंत्र आणलं तरी पुसणाऱ्या मावशींचं काम टळत नाही. उलट त्यांचं काम चोख झालं असेल तरच यंत्राचा उपयोग. माझ्या मते यंत्राच्या खरेदीआधी त्यांची संख्या, त्यांचे हातमोजे आणि त्यांचं प्रशिक्षण यांवर खर्च व्हावा.

मग प्लाझ्माची जागा कुठे? जिथे उकळता येत नाही आणि भिजवताही येत नाही तिथे. वाफेचं निर्जंतुकीकरण १२१ अंशांवर होतं. एवढ्या उष्णतेत दुर्बिणीच्या नळ्या, प्लास्टिकच्या जोडण्या, सेन्सरच्या वायरी टिकत नाहीत. इथिलीन ऑक्साइड वायू चालतो, पण तो विषारी आहे आणि वस्तूंतून निघून जायला त्याला तासन्‌तास द्यावे लागतात. मोठ्या रुग्णालयांत ‘प्लाझ्मा स्टेरिलायझर’ नावाचं कपाटाएवढं यंत्र असतं. त्यात हवा काढून घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडतात आणि मग प्लाझ्मा पेटवतात, सगळं साधारण ५० अंशांच्या आसपास. इथे एक तपशील सांगायलाच हवा. त्यात जंतू मारण्याचं मुख्य काम पेरॉक्साइडची वाफ करते. प्लाझ्मा शेवटी उरलेलं पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतो, म्हणून वस्तू लगेच हाताळता येते. आणि त्या यंत्रात कापूस चालत नाही. गॉज, सुती कापड, साधा कागद पेरॉक्साइडची वाफ शोषून घेतात आणि आवर्तन बंद पडतं. कापसाच्या मुलखातल्या शस्त्रक्रियागृहात हा नियम भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

बीजाणू ही आणखी एक कठीण गोष्ट. काही जंतू संकटात स्वतःभोवती जाड कवच करून झोपी जातात. क्लॉस्ट्रिडियम आणि बॅसिलस त्यांतले. थंड प्लाझ्माने बीजाणूही मरतात, पण त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. यंत्राची चाचणी कोणत्या जंतूवर घेतली हे म्हणूनच विचारायचं. नाजूक ई. कोलायवरचा आकडा बीजाणूंना लागू होत नाही.

मिरची आणि केळी

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर हा प्रश्न हमखास येतो: “भाऊ, इतला उनमा मिरची वाळस, मंग जंतू मरी जातस ना?” काही मरतात, हे खरं. पण साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या मसाल्यात महिनोन्महिने टिकतात, आणि कोरडे झालेले जंतू उष्णतेलाही जास्त दाद देत नाहीत. पथारी उघडी असते. धूळ, पक्षी, कुत्री, अवकाळी पाऊस हे सगळं तिथे असतंच. मिरची धुऊन पुन्हा वाळवणं परवडत नाही, वाफ दिली तर रंग उतरतो. इथिलीन ऑक्साइडचा अंश मालात उरू शकतो हे तर २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगने त्याच कारणाने काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली तेव्हा सगळ्यांनाच कळलं. गॅमा किरणांचा मार्ग चांगला आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे शेतमालाला असे किरण देणारं केंद्र आहे. पण तसं केंद्र जागोजागी उभारता येत नाही.

थंड प्लाझ्मा इथे मनात भरतो, कारण तो कोरडा आहे आणि मागे कसला रासायनिक अंश सोडत नाही, असं सांगितलं जातं. यातला पहिला भाग पटण्यासारखा आहे. दुसऱ्याबाबत जरा थांबून बोलायला हवं. नायट्रेट-नायट्राइट थोडे उरू शकतात, आणि जास्त मारा झाला तर मिरचीचा लाल रंगच, म्हणजे त्यातली कॅरोटिनॉइडं, ऑक्सिडेशनने फिकी पडू शकतात. शिवाय वाळलेल्या मिरचीला सुरकुत्या, देठाची खोबण, आत बिया. प्लाझ्मा पृष्ठभागावर काम करतो, सुरकुतीच्या तळाशी त्याची ताकद कमी पडते. पूड केली तर प्रश्न आणखी बिकट, कारण कणाखाली कण दडतो. ढवळत, उडवत मारा करावा लागतो. एकसारखा परिणाम साधणं हेच या क्षेत्रातलं अवघड काम आहे, आणि मसाल्यांवर ते अजून बरंचसं प्रयोगाच्या पातळीवरच आहे.

केळीचं वेगळं. सावदा-रावेर पट्ट्यातल्या पॅकिंगच्या शेडवर फण्या पाण्याच्या टाकीत धुतात. टाकीच्या कडा, पट्टे, क्रेट यांवर जंतू-बुरशीचा बुळबुळीत थर धरतो. मला वाटतं, फळापेक्षा आधी या क्रेटवर आणि पट्ट्यावर प्लाझ्माचा प्रयोग व्हावा. घासून धुतल्यावर कोरड्या प्लास्टिकवर तो नीट चालतो आणि फळाला धक्का लागत नाही. केळीची साल नाजूक. ओझोन जास्त झाला की काळे डाग पडतात, आणि डाग पडलेल्या मालाला निर्यातीत भाव नाही.

शेतमालासाठी सगळ्यांत देखणी कल्पना मात्र वेगळीच आहे. डब्लिन आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी ती बरीच पुढे नेली. माल आधी पिशवीत बंद करायचा, मग पिशवी दोन इलेक्ट्रोडांच्या, म्हणजे वीज सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, मध्ये ठेवून वीज द्यायची. पिशवीचं प्लास्टिकच इथे सीमेन्स यांच्या काचेचं काम करतं. प्लाझ्मा पिशवीच्या आत पेटतो, आतल्याच हवेतून ओझोन वगैरे तयार होतो, जंतू मारतो आणि काही तासांत पुन्हा साधा ऑक्सिजन होतो. बाहेरून नवा जंतू शिरायला वाव नाही. जळगावात पिशवी तयार करणारेही आहेत आणि त्यात भरायचा मालही आहे. कुणीतरी हे मनावर घ्यावं.

पाण्यावर प्लाझ्मा सोडला तर ते आम्लधर्मी होतं आणि त्यात पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट उतरतात. असं पाणी काही काळ जंतुनाशक राहतं आणि ते सुरकुतीत शिरतं. पालेभाजी, फळं धुण्यासाठी त्यावर प्रयोग चालू आहेत.

आपला मे आणि आपला ऑगस्ट

बहुतेक प्रयोग २०-२५ अंशांच्या, बेताची आर्द्रता असलेल्या खोलीत झालेले आहेत. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवा खडखडीत कोरडी. ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब. प्लाझ्माची रसायनं हवेतल्या पाण्यावर अवलंबून असतात. हवा कोरडी असली की ओझोन जास्त, हायड्रॉक्सिल आणि पेरॉक्साइड कमी. हवा ओली झाली की ओझोन घटतो, हायड्रॉक्सिल वाढतो. खूप दमटपणात इलेक्ट्रोडवर ओल धरून वीज भलत्याच वाटेने जाते आणि यंत्र मंदावतं. त्याच बटणावर, तेवढीच मिनिटं, तरी परिणाम वेगळा. म्हणून परदेशातलं प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नये. इथल्या हवेत, दोन्ही मोसमांत घेतलेली चाचणी मागावी. त्यात विजेचा दाब खालीवर होणं आणि धूळ यांचीही भर पडते.

ओझोनची काळजी वेगळीच घ्यावी लागते. जंतूच्या पापुद्र्याला जो खवट करतो तो आपल्या फुप्फुसाच्या अस्तरालाही त्रास देतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी अनेक देशांत धरलेली मर्यादा ०.१ पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या १ कोटी भागांत १ भाग. नाकाला वास त्याहून कमी प्रमाणातच येतो, पण थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास जाणवेनासा होतो, म्हणून नाकावर भिस्त ठेवू नये. बंद खोलीत प्लाझ्मा यंत्र चालवायचं तर ओझोन मोजणारं साधन हवं, हवा बाहेर काढणारा पंखा हवा, आणि दम्याचा रुग्ण तिथे नको. यंत्राशेजारचं रबरही ओझोनने चिरा पडून खराब होतं. घरात लावायच्या ‘आयन’ किंवा ‘प्लाझ्मा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांबाबत तर माझं स्पष्ट मत आहे: ओझोन किती सोडतो हे कागदावर दाखवत नसतील तर घेऊ नका. खोलीभर हवेत मिसळून विरळ झालेला प्लाझ्माचा अंश टेबलावरचे जंतू मारत नाही. मारण्याइतका दाट केला तर त्या खोलीत बसता येत नाही.

भारतात या विषयाचं मोठं ठिकाण शेजारच्या गुजरातेत आहे. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था १९८६ पासून काम करते आहे आणि उद्योगांसाठी तिचा स्वतंत्र विभागही आहे. पण पहिली चाचणी घ्यायला तिथवर जावं लागेल असं नाही. जळगाव, धुळे, शिरपूरच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ती होऊ शकते. स्टीलच्या आणि क्रेटच्या प्लास्टिकच्या रुपयाएवढ्या चकत्या घ्यायच्या. त्यांवर निरुपद्रवी जातीच्या ई. कोलायचं मोजलेलं द्रावण वाळवायचं, अर्ध्या चकत्यांवर त्यात थोडं दूध मिसळून, म्हणजे मळका पृष्ठभाग होतो. यंत्र दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवर धरायचं, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं. काही चकत्यांना प्लाझ्मा द्यायचाच नाही, कारण नुसत्या वाळण्यानेही जंतू मरतात आणि तो आकडा वजा केला नाही तर यंत्राला फुकटचं श्रेय जातं. मग चकत्या धुऊन ते पाणी आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बश्यांवर पसरायचं आणि २४ तासांनी जंतूंच्या वसाहती, म्हणजे उमटलेले ठिपके, मोजायच्या. त्या दिवसाचं तापमान आणि आर्द्रता शेजारच्या रकान्यात लिहायची. विक्रेत्याला यंत्र दोन दिवस चाचणीसाठी ठेवायला सांगावं. तो तयार नसेल तर खरेदीचा कागद पुढे सरकवण्याआधी त्याचं कारण लेखी मागावं.